दुसऱ्याच्या पडद्यावर

वेब डिझाइनच्या कामाला नव्याने लागलेली मुलं माझ्याकडे येतात तेव्हा त्यांच्या ब्राउझरमध्ये साधनांची लांबलचक यादी जपून ठेवलेली असते. रंगांच्या जोड्या सुचवणारं एखादं, आयकॉनचं एखादं, फुकट छायाचित्रांचं, सावल्या नि ग्रेडियंट करून देणारी चार-पाच, आणि आता तर दोन ओळी सांगितल्या की अख्खं पान रचून देणारीसुद्धा. ही साधनं कामाची आहेत, त्यांतली बरीच मीही वापरते. पण इतक्या वर्षांत माझं काम ज्यांनी खरोखर सुधारलं ती साधनं वेगळ्या जातीची होती. माझ्या टेबलावरून जे दिसूच शकत नाही ते त्यांनी मला दाखवलं. माझ्या पडद्यावर पान सुरेखच दिसणार. ते माझ्याच पडद्यावर, माझ्याच डोळ्यांनी, ऑफिसच्या वेगवान इंटरनेटवर बनलेलं असतं. ते वाचलं जातं मात्र दुसरीकडेच.

मी कोल्हापुरात काम करते. वाचनालयं, पतसंस्था, शाळा, साखर कारखाने, एखाद-दुसरा प्रकाशक ही माझी मंडळी, आणि त्यांचा वाचक मराठी. डिझाइनची बहुतेक साधनं रोमन लिपी समोर ठेवून बनलेली असतात. मराठीत काम करणाऱ्याला त्यांतली पारखून घ्यावी लागतात, आणि काही अशी शोधावी लागतात ज्यांचं नाव लोकप्रिय याद्यांत येत नाही.

त्यातलं पहिलं मला एका जुन्या सार्वजनिक वाचनालयाच्या कामात सापडलं. ग्रंथसूची वेबवर आणायची होती. नोंदी आधीच टाइप केलेल्या होत्या, अनेक वर्षांत आणि अनेक हातांनी. पान सुरू झालं आणि थोड्याच दिवसांत ग्रंथपालबाईंचा फोन आला. ‘‘ताई, पुस्तक कपाटात आहे. तुमच्या यादीत खाली खाली गेलं की दिसतंयसुद्धा. पण वर नाव घालून शोधलं की नाही म्हणतंय.’’ अडलेला शब्द होता ‘दुसऱ्या’.

रिचर्ड इशिदा यांनी वेबची मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेत जगभरच्या लिप्यांसाठी अनेक वर्षं काम केलं आहे. त्यांनी स्वतः बनवलेली छोटी छोटी साधनं सगळ्यांना वापरायला खुली ठेवली आहेत. त्यांतलं युनिव्ह्यू मी त्या दिवशी उघडलं. त्यात मजकूर चिकटवला की त्यामागची युनिकोड चिन्हं एकेक करून नावानिशी समोर येतात. एका नोंदीत ऱ, हलन्त, य असा क्रम होता. दुसरीत साधा र, हलन्त, मग डोळ्यांना न दिसणारं एक जोडचिन्ह, ज्याला झिरो विड्थ जॉइनर म्हणतात, आणि शेवटी य. पडद्यावर दोन्ही ‘ऱ्या’ तंतोतंत सारखे. कॉम्प्युटरच्या लेखी मात्र ते दोन वेगळे शब्द. कुणी इनस्क्रिप्टवर टाइप केलं होतं, कुणी उच्चारानुसारी कळफलकावर, आणि प्रत्येकाने आपापल्या परीने बरोबरच केलं होतं.

एकदा हे दिसल्यावर बाकीचंही दिसायला लागलं. ॲ या अक्षराला युनिकोडमध्ये स्वतंत्र जागा मिळाली २००८ साली, ५.१ या आवृत्तीत. त्यामुळे यादीतल्या वकिलांचे ‘ॲड.’ काही ठिकाणी नव्या ॲ ने सुरू होत होते, काही ठिकाणी ‘अ’वर चंद्र चढवून, तर काही ठिकाणी हिंदीच्या ऍ ने. सारखी दिसणारी रूपं एक करण्याची युनिकोडची स्वतःची पद्धत आहे, आणि ऱ व नुक्ता दिलेला र ती एकच मानते; पण या तिन्ही ॲंना ती हात लावत नाही, आणि त्या अदृश्य जोडचिन्हालाही नाही. ते आपलं आपणच करायचं. आम्ही शोधाच्या मागे एक थर घातला. वाचकाने टाइप केलेला शब्द आणि यादीतला शब्द, दोन्ही आधी एका साच्यात आणायचे आणि मग ताडून पाहायचे. देवनागरी आकडे आणि इंग्रजी आकडेही तिथेच एक केले. मूळ नोंदी जशाच्या तशा ठेवल्या.

हे बाईंना दाखवायला गेले तर त्या म्हणाल्या, ‘‘आणि जुन्या अनुस्वारांचं काय?’’ मराठी लेखनाचे नवे नियम १९६२ साली आले आणि उच्चारात नसलेले अनुस्वार गेले. त्याआधी छापलेल्या पुस्तकांच्या शीर्षकपृष्ठावर ‘कांहीं’ आणि ‘नांव’ आहे, आणि चांगला ग्रंथपाल नोंद शीर्षकपृष्ठाप्रमाणेच करतो. आजचा वाचक मात्र ‘काही’ असंच शोधणार. हे कुठल्याही साधनाने मला सांगितलं नसतं. साच्यात आम्ही तीही सोय केली: शब्द तसाच सापडला तर आधी तो, नाहीतर अनुस्वार बाजूला ठेवून पुन्हा शोध. आता नव्या वाचनालयाचं काम आलं की मी आधी ग्रंथपालांसमोर बसते आणि मग कॉम्प्युटरसमोर.

त्याच कामात आणखी एक गोष्ट झाली, आणि माझ्या मते मराठी वेब डिझायनरने पहिल्याच दिवशी शिकावी अशी ती आहे. प्रत्येक वेबपानाच्या अगदी सुरुवातीला पान कुठल्या भाषेत आहे हे सांगणारी दोन अक्षरी खूण असते. इंग्रजीसाठी ‘ईएन’, हिंदीसाठी ‘एचआय’, मराठीसाठी ‘एमआर’. तयार साचे आणून काम केलं की ती बहुधा ‘ईएन’च राहते, कारण नुसत्या नजरेला तिने काही बिघडत नाही. निदान तसं वाटतं.

मराठीचा ल दोन पाकळ्यांचा. हिंदीचा ल उजवीकडे उभा दंड घेऊन उभा राहतो. श चंही तसंच, दोन्हींकडची वळणं वेगळी. महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयात मराठीची वर्णमाला प्रमाण केली तेव्हा ल आणि श यांची मराठी वळणंही तिथे नोंदवली. शाळेत मुलं तीच गिरवतात. वेबवर मात्र बहुतेक मराठी पानं हिंदीचे ल आणि श घेऊन फिरतात, कारण देवनागरी फॉन्टमध्ये मूळ जागेवर हिंदी रूप बसवलेलं असतं. चांगल्या फॉन्टांत मराठी रूपंही आत असतात, नोटो सान्स देवनागरीत आहेत. पण ती बाहेर येतात ती पानाने ‘मी मराठी आहे’ असं सांगितल्यावरच. ती दोन अक्षरं बदलली आणि सगळ्या यादीतले ल आणि श एका क्षणात मराठी झाले तेव्हा ग्रंथपालबाई पडद्याजवळ सरकून कितीतरी वेळ नुसत्या पाहत होत्या. पुस्तकं बदलली नव्हती, फॉन्टही तोच होता.

फॉन्टच्या पोटात काय आहे हे बाहेरून कळत नाही. त्यासाठी रोएल नीस्केन्स यांचं वकामाय फोंड्यू हे साधन आहे. फॉन्टची फाइल त्या पानावर ओढून टाकायची, की त्यात किती अक्षरचित्रं आहेत, कुठल्या लिप्या, कुठल्या भाषांसाठी खास रूपं आहेत, सगळं मांडून मिळतं. आणि फाइल आपल्या ब्राउझरबाहेर कुठेही जात नाही. मी फॉन्ट निवडताना आता आधी हे पाहते आणि मग त्याचं रूप. मराठीसाठी वेगळी रूपं नसतील तर कितीही देखणा फॉन्ट असो, वाचनालयाच्या किंवा शाळेच्या कामाला मी तो घेत नाही. मथळ्यांसाठी टिरो देवनागरी मराठी हाती लागला तेव्हा मला फार आनंद झाला होता. कॅनडातल्या टिरो टाइपवर्क्सचे जॉन हडसन आणि देवनागरीच्या अभ्यासक फिओना रॉस यांचं नाव त्यामागे आहे. हार्वर्ड विद्यापीठ मुद्रणालयाच्या मूर्ती ग्रंथमालेसाठी झालेल्या अक्षरांतून तो पुढे आला, आणि त्यात मराठी वळणं मूळ जागेवरच आहेत. मजकुरासाठी मुंबईच्या ‘एक टाइप’ या संस्थेचा मुक्ता मला आवडतो. इंग्रजी आणि देवनागरी एकाच ओळीत आले तरी त्यात एकमेकांवर चढत नाहीत. हे सगळे फॉन्ट खुल्या परवान्याचे, पैसा न देता मिळणारे. असा फॉन्ट घडवायला किती वर्षांची नजर लागते हे ज्याला कळतं त्याने तो उतरवून घेताना घडवणाऱ्याचं नाव तरी वाचावं असं मला मनापासून वाटतं. आर. के. जोशी यांनी घडवलेला मंगल विंडोजसोबत घरोघर पोहोचला. युनिकोड मराठी आपण पहिल्यांदा पाहिली ती बहुतेकांनी त्याच्याच अक्षरांत, पण ते नाव फार थोड्यांना माहीत असतं.

आणि त्या दोन अक्षरी खुणेचं दुसरं काम तर मला ल आणि श पेक्षा मोठं वाटतं. वाचनालयाचे एक ज्येष्ठ सभासद बँकेतून निवृत्त झालेले, मध्यम वयात दृष्टी गेलेले. एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर ते वापरतात. मायकल करन या ऑस्ट्रेलियातल्या तरुणाने २००६ साली तो सुरू केला आणि पुढे जेम्स टेह त्याला येऊन मिळाले. दोघेही स्वतः अंध, आणि बाजारातले स्क्रीन रीडर सामान्य माणसाला परवडण्यासारखे नव्हते म्हणून त्यांनी हा मोफत ठेवला. आजही तो मोफत आहे. ग्रंथपालबाईंनी त्या काकांना एका दुपारी बोलावून घेतलं आणि मी त्यांच्या शेजारी बसून आमचं पान ऐकलं.

खूण बदलण्याआधीचं जुनं पान त्यांनी मुद्दाम ऐकवलं. मजकूर मराठी, आवाज इंग्रजीच्या वळणाचा; शब्दाशब्दाला ठेच लागत होती. मग नवं पान. आवाज यंत्राचाच, पण मराठी. ‘ळ’ ऐकू येत होता. काका म्हणाले, ‘‘हे आता मी कान न ताणता ऐकू शकतो.’’ मग त्यांनी एच ही कळ दाबली. एनव्हीडीएमध्ये एच दाबलं की पुढच्या मथळ्यावर उडी जाते, के दाबलं की पुढच्या दुव्यावर. आमच्या पानावर मोठ्या ठळक अक्षरांत लिहिलेल्या ओळी दिसायला मथळ्यासारख्या होत्या, पण रचनेत मथळे म्हणून सांगितलेल्या नव्हत्या. एच दाबून काका त्यांच्यावरून थेट तळाशी गेले. ‘‘मधे काही आहे का?’’ त्यांनी विचारलं. मधे सगळं वाचनालय होतं.

त्या दुपारनंतर आमच्या ऑफिसात प्रत्येक कॉम्प्युटरवर एनव्हीडीए आहे, आणि पान क्लायंटला दाखवण्याआधी पडदा बंद करून ते एकदा ऐकायचं असा रिवाज आहे. आपोआप तपासणी करणारी साधनंही मी वापरते. वेबेमचं वेव्ह आहे, क्रोममधलं लाइटहाउस आहे. चित्राला पर्यायी मजकूर नाही, बटणाला नाव नाही, अशा चुका ती पटापट काढून देतात. पण सूचनेचा कागद स्कॅन करून चित्र म्हणून चढवला आणि त्याला ‘सूचना’ एवढाच पर्यायी मजकूर दिला, तर तपासणी यंत्र समाधानी होतं आणि काकांना त्या सूचनेतलं अक्षरही कळत नाही. मराठी संस्थांच्या वेबसाइटवर हा प्रकार सर्रास आहे. सभेची नोटीस, प्रवेशाच्या तारखा, निविदा, सगळं सहीशिक्क्यासकट चित्रात. मी संस्थाचालकांना दर वेळी सांगते, सहीशिक्क्याचा कागद खाली जोडा, पण वर तोच मजकूर टाइप करून घाला. डोळस वाचकालाही त्याचा फायदा होतो; चित्रातला शब्द शोधून सापडत नाही आणि फोनवर तो वाचायला बोटांनी पान ताणावं लागतं.

फोनचं निघालं म्हणून साखर कारखान्याकडे येते. गळीत हंगाम सुरू झाला की सभासद शेतकरी आपल्या उसाचं वजन आणि बिल फोनवर पाहतात. रात्री पाहतात, शेतात उभं राहून पाहतात, आणि पाहतात ते जुन्या, काच तडकलेल्या फोनवर. ते पान आमच्याकडे आलं तेव्हा सुरुवातीलाच पदाधिकाऱ्यांच्या मोठमोठ्या छायाचित्रांची सरकती माळ होती आणि वजनाचा तक्ता तिच्या खाली. ऑफिसात ते पान पापणी लवायच्या आत उघडायचं. ब्राउझरच्या डेव्हलपर टूल्समध्ये नेटवर्क मुद्दाम मंद करण्याची सोय असते. थ्रीजीचा वेग लावला आणि कार्यकारी संचालकांना म्हटलं, साहेब, आता उघडा. छायाचित्रं पट्ट्यापट्ट्यांनी उतरत होती. साहेबांनी घड्याळाकडे पाहिलं, मग आमच्याकडे, आणि तक्ता वर घ्यायला तिथल्या तिथे मान्यता दिली. याआधी मी हेच तोंडी बऱ्याचदा सांगितलं होतं. वेबपेजटेस्ट हे साधन याच कामाचं. पॅट्रिक मीनन यांनी एओएलमध्ये असताना ते बनवलं आणि २००८ मध्ये सगळ्यांसाठी खुलं केलं. पान उघडतानाच्या क्षणाक्षणाची छायाचित्रं ते ओळीने लावून देतं, आणि कितव्या सेकंदाला पहिलं अक्षर दिसलं हे वादाला जागा न ठेवता समोर येतं.

छायाचित्रांसाठी आम्ही स्क्वूश वापरतो. गुगलच्या क्रोम लॅब्जने २०१८ मध्ये आणलेलं हे साधन मूळ चित्र आणि लहान केलेलं चित्र मधोमध रेघ देऊन शेजारी शेजारी दाखवतं. रेघ सरकवत जायचं आणि फरक डोळ्यांना कळायला लागला की तिथे थांबायचं. वेबपी किंवा एव्हीआयएफमध्ये साठवलं की वजन कितीतरी उतरतं. हे ऑफिसातल्या कारकुनालाही शिकवता येतं, आणि शिकवावंच, कारण वेबसाइट सोपवल्यावर पुढची छायाचित्रं तोच चढवणार असतो.

फॉन्टचं वजन हा मात्र देवनागरीचा स्वतःचा प्रश्न आहे. जोडाक्षरं, रफार, वेलांट्यांची वेगवेगळ्या रुंदीची रूपं धरली की एका फॉन्टमध्ये शेकड्यांनी अक्षरचित्रं भरतात. पायथॉनमधल्या फॉन्टटूल्स या संचातली सबसेट करण्याची सोय नको असलेलं काढून टाकते, मग वॉफ-टू या रूपात दाबून पान हलकं होतं. पण इथे मराठीत हमखास घोटाळा होतो. देवनागरीचा पट्टा ०९०० ते ०९७एफ हे क्रमांक देऊन नवशिके बाकीचं छाटतात. त्यात ते अदृश्य जोडचिन्ह जातं, कारण ते त्या पट्ट्यात नाही. रुपयाचं चिन्हही जातं, तेही दुसरीकडे आहे. मग बिलाच्या तक्त्यात रक्कम एका फॉन्टमध्ये आणि ₹ भलत्याच फॉन्टमध्ये दिसतो. गुगल फॉन्ट्स आपल्या देवनागरी पट्ट्यासोबत या जोडचिन्हाचे आणि ₹ चे क्रमांकही आठवणीने देतं. ती यादी पाहून आपली करावी. आणि शब्द कुठल्या फॉन्टने रंगवला आहे याचा संशय आला तर अंदाज बांधत बसू नये. फायरफॉक्सच्या टूल्समध्ये फॉन्टचा वेगळा कप्पाच आहे, क्रोममध्येही खरा वापरलेला फॉन्ट नावानिशी दिसतो. एकाच मराठी शब्दात दोन फॉन्ट वावरताना मी तिथे अनेकदा पाहिले आहेत.

त्याच टूल्समध्ये आणखी एक गोष्ट पाहायची सवय मी सगळ्यांना लावते. इंग्रजी डिझाइनमध्ये मथळ्याच्या अक्षरांत थोडं अंतर सोडायची पद्धत आहे. तोच साचा मराठीला लावला की शिरोरेषा तुटते आणि शब्दाचे तुकडे होतात. मोठ्या मोठ्या वेबसाइटवर मी हे पाहते आणि मला वाईट वाटतं, कारण उपाय एका ओळीचा आहे: मराठी मजकुराला ते अंतर शून्य. दुसरं, ओळींमधली जागा. वर रफार, वेलांटी, अनुस्वार आणि खाली उकार, रकार. इंग्रजीला पुरणारी जागा इथे पुरत नाही. अक्षराच्या मापाच्या १.७ पट घेऊन मी सुरुवात करते आणि फॉन्ट पाहून कमीजास्त करते. बटणाच्या उंचीत बसत नाहीत म्हणून ‘र्कीं’सारख्या अक्षरांचा डोक्यावरचा भाग कापला गेलेला दिसला, तर बटण वाढवायचं.

रंगांबद्दल थोडक्यात सांगते, कारण इथे साधन फार सोपं आहे आणि हुज्जत फार अवघड. वेबेमचा कॉन्ट्रास्ट तपासनीस दोन रंग विचारतो आणि एक आकडा देतो. २००८ च्या डब्ल्यूकॅग २.० या मार्गदर्शक तत्त्वांनुसार साध्या मजकुराला तो किमान ४.५ हवा, मोठ्या मजकुराला ३. आपल्याकडे उत्सवाचं, मंडळाचं, देवस्थानाचं काम आलं की केशरीवर पांढरी अक्षरं मागितली जातात. झेंड्याचा म्हणून सगळीकडे वापरला जाणारा केशरी घेतला तर पांढऱ्याशी त्याचा आकडा २.१ च्या आसपास येतो; त्याच केशरीवर काळं घातलं तर जवळजवळ १०. उन्हात फोन धरून वाचणाऱ्या आजोबांना पांढरं दिसतच नाही. एका देवस्थानच्या विश्वस्तांना मी दोन्ही पानं फोनवर दिली आणि अंगणात उन्हात जाऊन वाचा म्हटलं. ते परत आले ते गडद तपकिरी अक्षरांवर राजी होऊन.

जुन्या मजकुराचं काम वेगळंच. एका प्रकाशकाची जुनी वेबसाइट बंद पडली होती आणि तिच्यातल्या पुस्तकांच्या परिचयांची प्रत कुणाकडेच नव्हती. इंटरनेट अर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये ती पानं मिळाली. ही संस्था १९९६ पासून जगभरची पानं साठवते आहे आणि २००१ पासून तो साठा सगळ्यांना खुला आहे. पान उघडलं तर रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा नुसता खच. युनिकोडच्या आधी मराठी वेबसाइट इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवलेल्या फॉन्टांवर चालत. पानासोबत फॉन्ट उतरवून घ्यावा लागे. आता फॉन्ट नाही, ते ब्राउझरही नाहीत, उरला तो खच. त्या त्या फॉन्टसाठी युनिकोडमध्ये बदलून देणारी परिवर्तकं मिळतात, पण त्यांच्यावर डोळे मिटून विसंबू नये. जुन्या पद्धतीत ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी टाइप व्हायची आणि रफार नंतर. युनिकोडमध्ये दोन्हींचा क्रम उलटा. जोडाक्षरावर वेलांटी आणि रफार दोन्ही आले की परिवर्तकं तिथे चुकतात. म्हणून आम्ही आधी नेमके असेच शब्द गाळून काढले आणि प्रकाशकांच्या घरातल्या एका आजींनी, ज्यांनी मूळ मुद्रितं तपासली होती, ते एकेक करून पाहिले. वेबॅक मशीनला वर्षातून एकदा जमेल तेवढी देणगी द्यावी हे मी क्लायंटनाही सांगते. मराठीची कितीतरी पानं आज फक्त तिथेच उरली आहेत.

शिकण्याच्या साधनांबद्दल फार सांगायला नको, ती सगळ्यांना ठाऊक आहेत. २००३ मध्ये डेव्ह शे यांची सीएसएस झेन गार्डन पाहिली आणि मजकूर तोच ठेवून नुसती सजावट बदलता येते हे एका पिढीला कळलं. त्या पिढीत मीही होते. एमडीएनवर प्रत्येक गुणधर्माची शांतपणे केलेली नोंद मिळते, आणि अलेक्सिस डेव्हेरिया यांचं कॅन आय यूज कुठल्या ब्राउझरमध्ये काय चालेल हे हिरव्या-लाल चौकोनांत सांगतं. शेतकऱ्याच्या जुन्या फोनसाठी मी ते रोज उघडते. यातलं काहीच मराठीत नाही, आणि बारावीनंतर मराठी माध्यमातून आलेल्या मुलांची पहिली काही वर्षं त्यात जातात. आमच्याकडे आलेल्या मुलांसाठी मी मराठीत टिपणं लिहायला घेतली आहेत, आणि ती खुलीच ठेवणार आहे.

त्या टिपणांतलं पहिलं पान म्हणजे एक चाचणीचा मजकूर. डिझाइनच्या साधनांत रिकाम्या जागी लॅटिनचा निरर्थक मजकूर भरायची पद्धत आहे. त्याने मराठीतलं काहीच कळत नाही. आमच्या पानावर दुसऱ्या, तऱ्हा, ॲड., शाळा, लाल, हृदय, द्वंद्व, ट्रू, र्कीं, आणि ज्यात पाच व्यंजनं एकत्र येतात ते कार्त्स्न्य आहे. ‘ऱ्या’ दोन्ही तऱ्हांनी टाइप केलेला आहे. देवनागरी आकड्यांत लिहिलेली रक्कम आणि ₹ आहे. नवा फॉन्ट, नवा साचा, नवं साधन आलं की आधी हा मजकूर त्यात ओतायचा.

मागच्या पावसाळ्यात आमच्याकडच्या एका मुलीला याच मजकुराने एका खुल्या फॉन्टमधला दोष सापडला. ट्र ला दीर्घ उकार लागला की खालचा भाग आपल्याच रकारात घुसत होता. खुल्या फॉन्टांच्या मूळ फाइली गिटहबवर असतात आणि तिथे कुणालाही नोंद करता येते. पण ‘अक्षर बिघडलंय’ एवढं लिहून भागत नाही. मी तिला सांगितलं ते असं: शब्द टाइप करून दे आणि त्यामागची युनिकोड चिन्हंही क्रमाने दे, युनिव्ह्यूमधून उतरवून. ब्राउझर आणि त्याची आवृत्ती लिही. तोच शब्द दुसऱ्या ब्राउझरमध्ये आणि दुसऱ्या फॉन्टमध्ये कसा येतो ते शेजारी लाव, म्हणजे दोष फॉन्टचा की अक्षरं जुळवणाऱ्या प्रणालीचा हे त्यांना लगेच कळेल. क्रोम, फायरफॉक्स आणि अँड्रॉइड यांच्यात ते काम हार्फबझ करतं, म्हणून या सगळ्यांत सारखंच बिघडत असेल तर तेही नमूद कर. आणि शेवटी कागदावर तू स्वतः ते अक्षर कसं काढशील ते काढून त्याचा फोटो जोड, कारण फॉन्ट सुधारणारा माणूस मराठी वाचणारा असेलच असं नाही. तिने सगळं केलं. काही दिवसांनी उत्तर आलं: ट्र सोबत आणखी कुठल्या अक्षरांना हा त्रास होतो, त्यांची यादी मिळेल का? आता ती ड्र, ढ्र, छ्र आणि द्र ला सगळे उकार लावून पाहते आहे.